देवळाचे कुलूप आणि कुलपामागचे कारण

यंदा दिवाळीत नागपूरला, महाल भागातल्या घरी, जेवताना करोनाकाळात बंद राहिलेल्या देवळांचा विषय निघाला आणि जुना वाद पुन्हा पेटला. ‘श्रद्धेला कुलूप लावायचा अधिकार सरकारला नाहीच,’ असे माझे चुलतभाऊ म्हणाले. ‘माणसे मरत होती काका, तेव्हा दर्शन महत्त्वाचे होते का?’ असे माझ्या भाचीने विचारले. ग्लासगोला परतल्यावरही मला दोघांचे म्हणणे अपुरे वाटत राहिले.

अधिकार आहेच. संविधानाच्या अनुच्छेद २५ ने धर्मस्वातंत्र्य दिले तेच मुळी सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. ज्या दीक्षाभूमीवर १९५६ साली बाबासाहेबांनी लाखोंसह धम्मदीक्षा घेतली, तेथील धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा सोहळाही २०२० मध्ये रद्द झाला. म्हणून अनुयायांची निष्ठा कमी झाली असे कोणी म्हणणार नाही.

मात्र अधिकार आहे एवढ्यावरून त्याचा प्रत्येक वापर योग्य ठरत नाही. स्कॉटलंडच्या सरकारने जानेवारी २०२१ मध्ये सामूहिक उपासना सरसकट बंद केली, शेजारच्या इंग्लंडमध्ये ती चालू असताना. काही ख्रिस्ती धर्मगुरू न्यायालयात गेले आणि २४ मार्चला एडिनबराच्या कोर्ट ऑफ सेशनमध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या वरिष्ठ दिवाणी न्यायालयात, न्यायमूर्ती लॉर्ड ब्रेड यांनी ही बंदी अवैध ठरवली. आरोग्यासाठी निर्बंध घालता येतात हे त्यांनी नाकारले नाही. पण कमी जाचक उपाय का पुरणार नाहीत हे सरकारला दाखवता आले नव्हते, आणि पडद्यावर पाहिलेली प्रार्थना एकत्र उपासनेची जागा घेऊ शकत नाही, हेही त्यांनी मान्य केले.

आपल्याकडे महाराष्ट्रात ५ ऑक्टोबर २०२० पासून निम्म्या क्षमतेने उपाहारगृहे आणि बार सुरू झाले, प्रार्थनास्थळे मात्र १६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी उघडली. त्या सहा आठवड्यांत ‘बार खुले, मग देऊळ बंद का?’ हा प्रश्न रास्तच होता. त्याला उत्तरही देता आले असते: गाभाऱ्यातली दाटी, कोंदट हवा, एका सुरात म्हटलेली आरती, वयस्कर भाविक. बारमध्येही मास्क उतरतोच, तेव्हा ही कारणे पुरेशी होती का, हे उघडपणे तपासले जायला हवे होते. त्याऐवजी राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांना पत्र लिहून ‘आपण सेक्युलर झालात का’ अशा अर्थाचा सवाल केला, आणि सगळी चर्चा कोणाचे हिंदुत्व खरे यावर गेली. गाभाऱ्यात एका वेळी किती जण सोडता येतील आणि निर्बंधाची मुदत कोणती, हे विचारायचे राहूनच गेले, याची मला आजही खंत वाटते.

त्या महिन्यांत माझी आई दर संकष्टीला सीताबर्डीला जाई, टेकडी गणपतीच्या बंद फाटकासमोर चपला काढून उभी राही आणि दुर्वांची जुडी गजांत खोचून परत येई. नियम तिने एकदाही मोडला नाही. रात्री फोनवर ती मला एवढेच विचारी, ‘पुढच्या चतुर्थीला तरी उघडेल का रे?’