लिनक्स एकट्या लिनसचं नाही

लिनक्सची गोष्ट आपल्याकडे कायम एकाच चालीवर सांगतात. फिनलंडमधला २१ वर्षांचा पोरगा, घरी बसून एकट्यानं अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम लिहिली आणि जगाला फुकट वाटली. मला हे ऐकलं की राहवत नाही, कारण यात अर्धी माणसं गायबच होतात.

लिनस टोरवाल्ड्सनं १९९१ च्या जानेवारीत ३८६ पीसी घेतला आणि त्यावर प्राध्यापक टॅननबॉम सरांची मिनिक्स ही छोटी ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. मिनिक्स होतं शिकवण्यासाठी, सोर्स (प्रोग्रॅमचा लिहिलेला मूळ कोड) वाचायला मिळायचा पण बदल करून मोकळेपणानं वाटायची परवानगी नव्हती. लिनसला हेलसिंकी युनिव्हर्सिटीच्या कॉम्प्युटरला मोडेमवरून जोडायचं होतं म्हणून त्यानं एक टर्मिनल प्रोग्रॅम लिहिला, मग फाइल्स उतरवून ठेवायच्या तर डिस्क ड्रायव्हर हवा, मग फाइल सिस्टिम हवी, असं करत करत ते वाढतच गेलं. २५ ऑगस्टला त्यानं मिनिक्सवाल्यांना कळवलं की हा नुसता छंद आहे, ग्नूसारखं (मोकळी ऑपरेटिंग सिस्टिम बनवण्याचा प्रकल्प) मोठं काही होणार नाही. सप्टेंबरमध्ये पहिली आवृत्ती, ०.०१, आली, साधारण १० हजार ओळींची. त्याला नाव द्यायचं होतं फ्रीक्स, पण फाइल्स उतरवून घ्यायच्या एफटीपी सर्व्हरवर जागा देणाऱ्या आरी लेम्केनं डिरेक्टरीचं नाव लिनक्स ठेवलं आणि तेच चिकटलं!

पण हा नुसता कर्नल होता हो, म्हणजे सिस्टिमचा गाभा. तो कंपाइल केला, म्हणजे सोर्सचा चालणारा प्रोग्रॅम बनवला, कशानं? जीसीसीनं. कमांड कशात टाइप करायची? बॅशमध्ये. दोन्ही ग्नूचं. ग्नू सुरू करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमननं १९८३ लाच जाहीर केलं होतं की युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमसारखी पूर्ण मोकळी सिस्टिम बनवायची, आणि १९९१ पर्यंत त्यांच्याकडे जवळपास सगळं तयार होतं, अडलेला होता तो फक्त कर्नल.

आणि माझ्या मते खरं वळण कोडचं नाहीच, लायसन्सचं आहे. लिनसच्या पहिल्या लायसन्समध्ये पैसे घेऊन वाटायला बंदी होती, म्हणजे फ्लॉपी कॉपी करून देणाऱ्यानं फ्लॉपीचा खर्चसुद्धा मागायचा नाही. १९९२ च्या सुरुवातीला ०.१२ आवृत्तीच्या वेळी त्यानं ते सोडून स्टॉलमनचं जीपीएल हे लायसन्स घेतलं. वापरा, बदला, विकासुद्धा, पण ज्याला प्रोग्रॅम द्याल त्याला सोर्सही द्या. एवढ्या एका अटीमुळे अनोळखी माणसं निर्धास्तपणे आपलं काम त्यात ओतत गेली, कारण उद्या कुणी ते उचलून कुलूपबंद करणार नाही याची खात्री होती. त्याच वर्षी तिकडे बीएसडीवर, म्हणजे युनिक्सवरूनच निघालेल्या दुसऱ्या सिस्टिमवर, एटी अँड टी या अमेरिकन टेलिफोन कंपनीच्या उपकंपनीनं केस टाकली, ती १९९४ च्या सुरुवातीला मिटली, आणि लगेच मार्चमध्ये लिनक्स १.० आलं पण.

लिनसचं श्रेय मला कमी करायचं नाही, दुसऱ्याचं काम आपल्यात सामावून घेणं सगळ्यांना जमत नाही. पण तुमच्याकडे अँड्रॉइड फोन असेल (त्यातही लिनक्सचाच कर्नल आहे) तर सेटिंगमध्ये अबाउट फोनच्या आसपास ओपन सोर्स लायसन्स शोधा आणि उघडा. कंटाळवाणा इंग्रजी मजकूर लागेल, त्यात जीपीएल सापडेल. ते लिहिणाऱ्या स्टॉलमनचं नावही घेत चला.