झेंडा उभारणाऱ्याचं पुढे काय झालं?

अमेरिकेतलं कंट्री संगीत म्हणजे झेंडा, ट्रक आणि बिअर, असं म्हणून नाक मुरडणारे बरेच मित्र माझ्या यादीत आहेत. ही पोस्ट खास त्यांच्यासाठी. लांबली आहे, चहा घेऊन बसा.

त्यांचं निम्मं म्हणणं खरंच आहे. युद्ध आलं की या गाण्यांची छाती फुगते. जॉनी हॉर्टनचं 'द बॅटल ऑफ न्यू ऑर्लिन्स' घ्या. आर्कान्सामधल्या जिमी ड्रिफ्टवुड नावाच्या शाळामास्तरांनी पोरांच्या डोक्यात इतिहास शिरावा म्हणून ते १९३६ मध्ये रचलं. चाल घेतली फिडलवरच्या एका जुन्या धूनेची. त्या धूनेचं नावच 'आठ जानेवारी', म्हणजे १८१५ मधल्या त्या लढाईची तारीख. १९५९ मध्ये हॉर्टनने ते गायलं आणि अमेरिकेच्या पॉप यादीत ते सहा आठवडे पहिल्या नंबरवर राहिलं. गाणं धमाल आहे. तोफ तापून वितळते, तर हे पठ्ठे मगरीलाच तोफ बनवतात! असे मास्तर मला मिळाले असते तर इतिहासात बरे मार्क पडले असते.

फक्त मास्तरांनी काय गाळलं तेही बघा. ब्रिटनशी तहावर सह्या २४ डिसेंबर १८१४ लाच युरोपात झाल्या होत्या. बातमी जहाजाने पोचायच्या आत इकडे माणसं मेली. अमेरिकेचा सेनापती अँड्र्यू जॅक्सनच्या बाजूने चॉक्टॉ आदिवासी लढले, स्वतंत्र कृष्णवर्णीयांच्या पलटणी लढल्या. हॉर्टनच्या गाण्यात त्यांचा पत्ता नाही. पुढे हाच जॅक्सन राष्ट्राध्यक्ष झाला, १८३० मध्ये त्याने आदिवासींना हुसकावण्याच्या कायद्यावर सही केली, आणि त्या कायद्याखाली सगळ्यात आधी घरदार सोडावं लागलं ते चॉक्टॉंनाच.

आता १९६४ मध्ये या. जॉनी कॅशचं 'द बॅलड ऑफ आयरा हेज', लिहिलं पीटर ला फार्जने. माझ्या मते कंट्रीमधलं सगळ्यात अस्सल देशभक्तीचं गाणं हे, आणि यावर मी भांडायला तयार आहे.

जपानच्या इवो जिमा बेटावर अमेरिकेचा झेंडा उभारणाऱ्या सहा सैनिकांचा तो फोटो तुम्ही पाहिलाच असेल. २३ फेब्रुवारी १९४५. त्यातला एक आयरा हेज, ॲरिझोनातला पिमा आदिवासी. गोऱ्यांनी नदी वरच्या अंगाला अडवून वळवली आणि पिमांची शेतं वाळली, तिथून कॅश गोष्ट सुरू करतो. युद्धाची पाळी नंतर येते. सहांपैकी तिघे त्या बेटावरच मेले. उरले म्हणून ज्या तिघांना सरकारने मायदेशी आणलं, त्यांना युद्धरोखे विकायला गावोगाव फिरवलं. हार, भाषणं, दारूचे पेले. गंमत बघा, २०१६ आणि २०१९ मध्ये अमेरिकेच्या मरीन कोअरने (या सैनिकांच्या दलाने) फोटोतली नावं दुरुस्त केली, तेव्हा कळलं की मिरवलेल्या तिघांपैकी फोटोत खरोखर असलेला एकटा हेजच!

त्याच्या आयुष्यातला एक प्रसंग गाण्यात नाही, पण मला तो गाण्याइतकाच मोठा वाटतो. फोटोतल्या मेलेल्या एका सैनिकाचं नाव चुकलं होतं. हेजला ते माहीत होतं, पण गप्प राहा असं वरून सांगण्यात आलं. युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये हा गडी थोडा पायी, थोडा वाटेत मिळेल त्या गाडीने सुमारे २,००० किलोमीटर तुडवत टेक्ससला गेला. हार्लन ब्लॉकच्या वडिलांना शेतात गाठलं आणि सांगितलं, फोटोतला तो तुमचा मुलगा. पुढच्या वर्षी सरकारी नोंद बदलली.

नोव्हेंबर १९५४ मध्ये त्या फोटोवरून केलेल्या भव्य स्मारकाचं उद्घाटन झालं. हेज हजर होता. अडीच महिन्यांत तो मेला. दारू आणि थंडी, वय ३२. ज्या पाण्यावाचून त्याच्या लोकांची शेतं गेली, त्याच पाण्याच्या एका चरात गाण्यातला आयरा मरतो. कॅश हे अर्धं बोलत, अर्धं गात सांगतो. आवाज कुठेही चढवत नाही.

रेडिओवाल्यांनी गाणं वाजवायचं टाळलं. कॅशने 'बिलबोर्ड' या संगीत साप्ताहिकात पानभर जाहिरात देऊन डीजे आणि स्टेशनमालकांना विचारलं, तुमची हिंमत गेली कुठे? गाणं कंट्री यादीत तिसऱ्या नंबरपर्यंत चढलं.

हे जुनं झालं म्हणाल, तर २००३ घ्या. डिक्सी चिक्स या तीन बायकांच्या बँडचं 'ट्रॅव्हलिन सोल्जर' कंट्री यादीत पहिलं होतं. व्हिएतनामला गेलेला एक पोरगा, तो जिला पत्रं लिहितो ती शाळकरी मुलगी, आणि फुटबॉलच्या मॅचआधी मृतांच्या यादीत वाचलं गेलेलं त्याचं नाव. इराक युद्धाच्या तोंडावर लंडनच्या कार्यक्रमात बँडची गायिका नॅटली मेन्स बोलून गेली की राष्ट्राध्यक्ष (म्हणजे बुश) आमच्या टेक्ससचा आहे याची आम्हाला लाज वाटते. झालं! स्टेशनांनी त्यांची गाणी काढून टाकली, सीडींवर ट्रॅक्टर फिरवले गेले. म्हणजे सैनिकांच्या सन्मानासाठी सैनिकाच्या मरणावर रडणारं गाणं बंद. यावर मी काय बोलू?

आता टोबी कीथ. २००२ मधलं त्याचं 'कर्टसी ऑफ द रेड, व्हाइट अँड ब्लू' शिवराळ आहे, धमकीबाज आहे. तरी मी त्याला हसत नाही. सैन्यात एक डोळा गमावलेला त्याचा बाप २००१ च्या मार्चमध्ये अपघातात गेला आणि सप्टेंबरमध्ये ते हल्ले झाले. गाण्यात तो बाप आहे, दारातल्या झेंड्यासकट. रागाला एक चेहरा आहे. ली ग्रीनवूडच्या 'गॉड ब्लेस द यूएसए'मध्ये तोच मला सापडत नाही. स्टेडियममध्ये लाख लोक ते गात उभे राहतात, पण त्यातला माणूस कोण, हे काही कळत नाही.

आणि कॅशला देशद्रोही ठरवायची घाई झालेल्यांसाठी एवढंच: १९७४ मध्ये 'रॅग्ड ओल्ड फ्लॅग' हे झेंड्याचं गाणं लिहिणारा आणि गाणारा हाच बाबा. चार वर्षं आधी व्हाइट हाऊसमध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सनच्या लोकांनी फर्माईश केलेली दोन गाणी न गाता 'व्हॉट इज ट्रुथ' ऐकवून आलेलाही हाच.

कीथच्या चाहत्यांनी कमेंटमध्ये खुशाल तुटून पडावं. फक्त आधी 'आयरा हेज' एकदा पूर्ण ऐका, चार मिनिटांचंच आहे.