‘फुकटचं लिनक्स डेटा चोरतं’ म्हणे!

जळगाव-धुळ्याकडच्या कॉम्प्युटर दुकानदारांच्या आणि सेवा केंद्रवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज जोरात फिरतोय. म्हणणं असं: विंडोज १० बंद झालं म्हणून लोक लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम) टाकून घेताहेत, पण फुकटचं सॉफ्टवेअर तुमची माहिती विकूनच पोट भरतं. त्याचा कोड कुणालाही वाचता येईल असा उघडा, म्हणजे हॅकरला रान मोकळं. ओरिजिनल विंडोजच सुरक्षित, आणि आता डेटा कायदा आल्यामुळे कंपन्यांना माहिती घेताच येत नाही.

विंडोज १० बंद झालेलं नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा सपोर्ट (सुरक्षेच्या अपडेट वगैरे) संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, म्हणून धडधाकट पीसी भंगारात निघताहेत. लोक लिनक्सकडे वळताहेत ते त्यामुळे.

आता पोट भरण्याचं. रेड हॅट ही लिनक्सवाली कंपनी आयबीएमने २०१९ मध्ये ३४ अब्ज डॉलरला घेतली. ती मोठी झाली कंपन्यांना सपोर्ट विकून. डेबियन हा लिनक्सचा एक प्रकार टाकताना ‘कोणती पॅकेजं (सॉफ्टवेअर) वापरता ते कळवू का’ असा प्रश्न येतो आणि आधीपासून निवडलेलं उत्तर ‘नाही’ असतं. लिनक्सवाले सगळे संत आहेत असंही नाही. उबुंटू या दुसऱ्या प्रकाराने २०१२ मध्ये डेस्कटॉपवरचा सर्च अ‍ॅमेझॉनच्या मालाशी जोडला होता. चार वर्षं शिव्या खाल्ल्यावर २०१६ च्या आवृत्तीत तो आपोआप सुरू राहणं थांबलं.

आणि पैसे मोजलेली विंडोज? होम आणि प्रो आवृत्तीत ‘रिक्वायर्ड’ डायग्नॉस्टिक डेटा (कॉम्प्युटर कसा चालतोय याची मायक्रोसॉफ्टकडे जाणारी माहिती) पूर्ण बंद करता येतच नाही, फक्त ‘ऑप्शनल’ बंद होतो. त्याहून जवळचा धोका वेगळाच आहे. रावेर-यावलकडच्या एखाद्या सेवा केंद्रात डोकावा. डेस्कटॉपवर ‘केळी विमा’ नावाचं फोल्डर, त्यात शेतकऱ्यांचे आधार, सातबारा, पासबुकाची पहिली पानं. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं आणि वनड्राइव्हचा बॅकअप चालू राहिला, की हे अख्खं फोल्डर मालकाला पत्ता नसताना मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर चढतं. शिवाय ‘ओरिजिनल’ म्हणून जी टाकून मिळते ती किती ठिकाणी ओरिजिनल असते, हे दुकानदार भाऊंना मी काय सांगू! अँटिव्हायरस बंद करून अ‍ॅक्टिव्हेटर (चोरीची विंडोज चालू करणारा प्रोग्रॅम) चालवायचा आणि वर सुरक्षेचे मेसेज पाठवायचे.

उघड्या कोडबद्दल मात्र मेसेजवाल्याला थोडं श्रेय देऊ. २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या लिनक्सच्या छोट्या प्रोग्रॅममध्ये एकाने खरंच चोरदरवाजा बसवला, तोही दोनेक वर्षं इमानदारीने काम करून विश्वास कमावल्यावर. पकडला कोणी? आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरने. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय म्हणून तो खोदत गेला, आणि कोड समोर होता म्हणून मुळापर्यंत पोचला. नोकरी करत होता मायक्रोसॉफ्टमध्ये!

लिनक्सची खरी अडचण मेसेजमध्ये आलीच नाही. हिशेबाचं टॅली, मराठी फॉन्टचं श्रीलिपी हे सगळं विंडोजसाठी बनलेलं आहे. पत्रिका छापणाऱ्या डीटीपीवाल्याला लिनक्स टाकून देऊ नका, तो दुसऱ्याच दिवशी सीपीयू घेऊन परत येईल. युनिकोडमध्ये मराठी टाइप करायला, सातबारा काढायला, ब्राउझरमध्ये फॉर्म भरायला ते व्यवस्थित चालतं.

राहिला कायदा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा. नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यापुढे १८ महिने. माहिती घ्यायला त्यात बंदी नाहीच. कशासाठी हवी ते सांगा, संमती घ्या, काम झालं की पुसा, असा त्याचा रोख आहे. दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. हे फक्त अमेरिकेतल्या कंपन्यांसाठी आहे असं समजून मेसेज पुढे ढकलणाऱ्या सेवा केंद्रवाल्या मित्रांनी गेल्या हंगामाचे आधारचे स्कॅन अजून डेस्कटॉपवर पडलेत का, ते आधी पाहावं.