साडेतीन तासांत अमेरिका

पुतण्याचं अमेरिकेचं ठरलं आणि नंदगडात माझं रस्त्यानं चालणं मुश्कील झालं. "विमानाला किती तास लागतात हो?" जाणार तो, पगार घेणार तो, पण तिकीट माझ्या मोबाईलवर आलेलं. म्हणून चौकशी खिडकी मी.

बंगळूर ते सॅन फ्रान्सिस्को हे अंतर जवळपास 14,000 किलोमीटर. विमान ताशी 900 च्या आसपास पळतं, म्हणजे सोळा तास धरा. इथवर सगळ्यांना पटतं. भानगड घड्याळापाशी. तिकिटावर सुटायची वेळ दुपारी दोन, पोहोचायची संध्याकाळी साडेपाच आणि तारीख तीच! उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्या साडेबारा तास मागं असतं, हे मी सांगेपर्यंत आबांनी बोटांवर हिशेब उरकला होता. "साडेतीन तास? बेळगावला जाऊन बाजार करून यायला ह्याच्यापेक्षा जास्त लागतात की रे!"

मग वाटेचा वाद. नकाशात अमेरिका आडवी दिसते, तर विमान उत्तरेला कशाला वळतं? काकूनं आतून कलिंगड आणलं. एक लवंग बंगळूरला टोचली, दुसरी पार पलीकडं सॅन फ्रान्सिस्कोला, आणि गजऱ्याचा दोरा दोन्हींत ताणला. दोरा आडवा राहीना. सरकत सरकत थेट देठापाशी जाऊन बसला. जवळची वाट ध्रुवाकडूनच. 2021 च्या जानेवारीत सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळूरला पहिलं थेट विमान उत्तर ध्रुवावरूनच आलं आणि वैमानिक चारही बायका होत्या, असं मी सांगितलं. काकूनं आबांकडं असं बघितलं की ते दोन मिनिटं गप्प. नंतर कलिंगड कापलं. लवंगेचा वास लागलेली फोड माझ्या वाट्याला आली.

खरा प्रवास तिकिटावर छापतच नाहीत, हे माझं ठाम मत. सांबऱ्याचा विमानतळ 1942 सालचा, ब्रिटिशांच्या हवाई दलानं बांधलेला. बेळगावपासून दहाएक किलोमीटर. तिथून बंगळूर सव्वा तास. पण नंदगडहून खानापूर, खानापूरहून बेळगाव, मग सांबरा, पुढं बंगळूरला तीन तास आधी हजर. दुपारचं विमान गाठायला घर पहाटेच सोडायचं. त्याच्या आदल्या रात्री भाताची पोती तोलायच्या काट्यावर बॅग लटकवायची, तेवीस किलोच्या वर काटा गेला की पुस्तकं बाहेर काढायची आणि कुंद्याचा डबा तेवढा आत ठेवायचा. पुस्तकं काय, तिकडंही मिळतात.

परतीचं तिकीट आबांना दाखवायला नको होतं, पण त्यांनीच मागितलं. रविवारी रात्री नऊला बसायचं, मंगळवारी पहाटे तीनच्या सुमाराला बंगळूर.

"जाताना साडेतीन तास आणि येताना दोन दिवस?" आबांनी चष्मा वर सरकवला. "मग येताना चढ असणार बघ."

"चढ नाही हो आबा. वर आभाळात पश्चिमेकडून पूर्वेकडं जोराचा वारा असतो. जाताना विमान बहुतेक ध्रुव सोडून पॅसिफिकवरून त्याच वाऱ्यात जातं, तेव्हा तो पाठीमागनं ढकलतो. येताना ती मदत नसते, म्हणून तास-दीड तास जादा."

"म्हटलं न्हवं मी?" आबा काकूकडं वळले. "चढ!"