पुरण, जाऊबाई आणि एक 'च'

गौरीजेवणाच्या दिवशी आमच्या मोठ्या जाऊबाईंनी पुरणपोळीचा पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, "यंदा पुरण थोडं सैल झालं का गं?" बस्, एवढंच. लगेच त्या कटाच्या आमटीकडे वळल्या आणि विषय संपला. म्हणजे त्यांचा संपला. माझा पुढच्या गौरींपर्यंत चालला. भांडी विसळताना, लोकलमध्ये, रात्री झोप लागत नसताना मी त्यांना उत्तरं देत होते, एकाहून एक झणझणीत. ऐकायला त्या कुठे होत्या? त्या नाशिकला आपल्या घरी मजेत!

अकरा महिन्यांनी न राहवून मी विषय काढला, तर म्हणाल्या, "अगं, असं म्हटलं होतं का मी?" त्यांना खरंच आठवत नव्हतं. माझं अख्खं वर्ष ज्या वाक्याने खाल्लं, ते बोलणारीच्या खिजगणतीतही नव्हतं. मग ते वर्षभर रोज म्हणत कोण होतं? मीच की!

आपली भाषाही यात आपल्याला सांभाळून घेते. राग येतो, रडू येतं, कंटाळा येतो, वीट येतो. सगळे न सांगता आलेले पाहुणे. 'तिने माझं डोकं फिरवलं' म्हटलं की कारभार पूर्णच दुसऱ्याकडे गेला, आपण नुसते फिरणाऱ्या डोक्याचे मालक. पण याच भाषेत काळजी वाटते, काळजी करतो आणि काळजी घेतोही. एकच शब्द, आणि वाटण्यापासून घेण्यापर्यंत केवढा प्रवास!

या गोष्टीचा नीट उलगडा मला झाला तो आल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञामुळे. आधी मनोविश्लेषण करणाऱ्या या माणसाने 1955 च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये वेगळी वाट धरली. मूळ विचार जुनाच होता. एपिक्टेटस नावाचा, गुलामीत वाढलेला तत्त्वज्ञ सांगून गेला होता की माणसाला घटना अस्वस्थ करत नाहीत, घटनेबद्दलचं त्याचं मत करतं. एलिसने त्यातून उपचारपद्धती उभी केली. आपल्याकडे ती विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणून मराठीत रुजवली कि. मो. फडके यांनी.

एलिसचा एक किस्सा मला फार आवडतो. एकोणिसाव्या वर्षी तो मुलींशी बोलायला प्रचंड घाबरायचा. मग त्याने ठरवलं, ब्राँक्सच्या वनस्पती उद्यानात रोज जायचं आणि बाकावर एकटी बसलेली मुलगी दिसली की शेजारी बसून बोलायचं. महिन्याभरात शंभरेक जणींशी बोलला. भेटायला तयार झाली फक्त एक, आणि तीही आली नाही! पण नकाराने जीव जात नाही हे त्याला कळलं आणि भीती गेली. मुली होत्या तशाच होत्या.

त्याचं म्हणणं असं की आपली साधी इच्छा आपण हुकमात बदलतो आणि तिथे घोटाळा होतो. मराठीत तर त्यासाठी एक अक्षर पुरतं, 'च'. 'पुरण छान व्हावं' ही इच्छा. 'पुरण छानच झालं पाहिजे आणि जाऊबाईंनी तसं म्हटलंच पाहिजे' हा हुकूम. इच्छा मोडली तर हळहळ वाटते, तासाभरात ओसरते. हुकूम मोडला की संताप, आणि मग अकरा महिने. एलिस वाईट वाटूच नये असं म्हणत नाही, हे मला पटतं. दुःख वेगळं, खचून जाणं वेगळं.

आता इथे एक गोष्ट नीट बोलायला हवी, कारण याच विचाराचा वापर दुसऱ्याला गप्प करायला फार होतो. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला 'सगळं आपल्या मानण्यावर असतं गं' असं सांगणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. हे निर्लज्जपणाचं आहे. आपल्या मनाची जबाबदारी आपली म्हणजे समोरच्याच्या हाताची जबाबदारीही आपली, असं होत नाही. 1927 च्या मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायल्यावर सत्याग्रहींवर हल्ला झाला, डोकी फुटली. तेव्हा बाबासाहेबांनी आपल्या माणसांना उलट हात उचलू दिला नाही. अन्याय सोसला असा याचा अर्थ कुणी काढू नये, तळ्याच्या हक्काची लढाई पुढे कोर्टात दहा वर्षं चालली आणि जिंकली. राग होताच. त्याचं काय करायचं, हे मात्र हल्ला करणाऱ्यांनी ठरवलं नाही.

महाड कुठे आणि माझं पुरण कुठे, माहीत आहे. त्यांच्यापुढे माझं दुखणं हसण्यासारखंच आहे. पण माझ्या वाट्याला रोज येतात ती अशीच दुखणी: उत्तर न आलेला मेसेज, साहेबांनी न केलेला नमस्कार, मुलीचं 'तुला नाही कळणार आई'. हल्ली अशा वेळी मी एवढंच बघते की माझ्या वाक्यात 'च' कुठे बसलाय. दहातल्या चार वेळा सापडतो. बाकी सहा वेळा दुसऱ्या दिवशी.

परवा ओट्यापाशी पुरणाची डाळ निवडता निवडता लक्षात आलं, मी पुन्हा उत्तर जुळवतेय. यंदा जाऊबाई काही बोलल्याच तर. गौरींना अजून दोन महिने आहेत.