चार बोटं केबल

जुन्या ट्रॅक्टरच्या मालकाला जमिनीचा उतार जितका कळतो, तितका मोजणीदारालाही कळत नसेल. कुठेही जा, त्याची नजर आधी उतार शोधते. ट्रॅक्टर तोंड खाली करून लावायचा, चाकाखाली दगड सरकवायचा, आणि निघताना दगड काढून क्लच सोडला की इंजिन चालू. ही कला ज्याला साधली, त्याची बॅटरी केव्हाच गेलेली असते. घरात सांगितलेलं नसतं, एवढंच.

माझ्या ट्रॅक्टरचा सेल्फही किल्ली फिरवली की 'टक्' म्हणायचा आणि गप्प बसायचा. बॅटरीत पाणी टाकलं, रात्रभर चार्जिंगला लावली. सकाळी मीटरवर 12.6 व्होल्ट. म्हणजे ठणठणीत! सेल्फ मारताना मीटर लावून पाहिला, तर आकडा धाडकन सातवर. बसल्या जागी तब्येत उत्तम आणि काम सांगितलं की अंगात त्राण नाही, असा एक नातेवाईक सगळ्यांच्याच घरात असतो.

नवी घ्यायची ठरली. जुनीवर जे लिहिलंय तेच मागावं, तर डिझेल, माती आणि ऊन खाऊन तिच्या स्टिकरवर फक्त चष्म्याचं चित्र शिल्लक होतं. माहितीपुस्तिकेत लिहिलेलं, 'योग्य क्षमतेची बॅटरी वापरावी.' धन्य झालो.

मग सल्लागार जमले. जमावे लागत नाहीत, बॉनेट उघडलं की येतातच. शेजारचे काका म्हणाले, "मोठी घे. मोठी कधी वाया जात नाही." दुसऱ्याने लगेच सांगितलं, की मोठी बॅटरी सेल्फ जाळते. हे अर्थातच खोटं. व्होल्ट तेवढेच असले तर सेल्फ त्याला लागतो तेवढाच करंट ओढतो, बॅटरी 75 अँपिअर-अवरची असो की 100 ची. पण हे मी बोलून दाखवताच दोघांची माझ्याविरुद्ध युती झाली. तिसरा जरा वाचलेला. "आधी बघ, तुझा 6 व्होल्टचा तर नाही ना?" शंका अगदीच वेडी नव्हती. फोर्डच्या 8एनसारख्या 1947 ते 1952 मधल्या ट्रॅक्टरांना 6 व्होल्टच असायचे, आणि वर प्लसची अर्थिंग, म्हणजे मायनसऐवजी प्लस ट्रॅक्टरच्या सांगाड्याला जोडलेला. माझा जुना आहे, पण इतका नाही.

दुकानात आणखी एक आकडा कळला, सीसीए, म्हणजे कोल्ड क्रँकिंग अँपिअर. उणे 18 अंशांत, 30 सेकंद, 7.2 व्होल्टच्या खाली न जाता बॅटरी किती अँपिअर देते, तो. डिझेल इंजिनाचं कॉम्प्रेशन जबरदस्त, त्यामुळे हा आकडा दणकट हवा, हे पटलं. उणे 18 मध्ये मी स्वतः चालू होणार नाही, ही गोष्ट वेगळी.

पण खरं सांगू? अँपिअरवर नुसता वाद होतो. अडतं ते केबलवर. बॅटऱ्या दोन तऱ्हेच्या, प्लस डावीकडे नाहीतर उजवीकडे. चुकीच्या तऱ्हेची आणली की केबल नेमकी चार बोटं कमी पडते. उलटी फिरवून ठेवावी, तर प्लसचं टर्मिनल बॉनेटच्या पत्र्याखाली येतं, आणि पत्रा टेकला की आतषबाजी. मेकॅनिकचं मत, "ओढली की बसते." अंगठ्याएवढी जाड तांब्याची केबल ओढून वाढली असती, तर तारेचे कारखाने बंद पडले असते. आणि जोड द्यावा, तर शेकडो अँपिअर जाताना तोच जोड तापणार.

म्हणून मी ट्रेच्या मापाचा पुठ्ठा, बॉनेटपर्यंतच्या उंचीची काडी आणि दोन्ही केबलच्या लांबीची दोरी घेऊन दुकानात उभा राहिलो. दुकानदार बघतच राहिला. "साहेब, बॅटरी हवीय की तिला कपडे शिवायचेत?" मी प्लसचा खुंट मायनसपेक्षा जाड आहे ना, तोही बोटांनी चाचपला, म्हणजे खुणा पुसल्या तरी घोळ नको. मग बनवल्याची तारीख विचारली. इथे मात्र तो दुखावला. "आमच्याकडे माल पडून राहत नाही!" असं म्हणत त्याने पुढची बॅटरी बाजूला केली आणि मागची काढून दिली.

घरी आणून आधी टर्मिनलच्या क्लिपांवरची पांढरी बुरशी गरम पाण्याने धुतली. बॅटरी ट्रेमध्ये ठेवून पट्टी घट्ट आवळली; ट्रॅक्टरच्या हादऱ्यांनी आतल्या प्लेटा झडतात, आणि दोष कंपनीला लागतो. आधी प्लस जोडला, मग अर्थिंग. किल्ली फिरवली. अर्ध्या फेऱ्यात इंजिन धडधडायला लागलं.

काका हजर होतेच. "बघ, बॅटरीत काही नव्हतंच. क्लिपा घाण झाल्या होत्या." मग जुन्या बॅटरीकडे बोट दाखवून म्हणाले, "ती टाकणार असशील तर दे इकडे. माझ्या ट्रॅक्टरला जरा केबल ओढली की बसेल."