‘उन्हाळ्यात जाड ऑइल घाला’ या संदेशाचा प्रतिवाद

ऊन तापू लागले की कोल्हापुरातील दुचाकीस्वारांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरू लागतो. त्याचा आशय असा : कंपन्या केवळ ॲव्हरेज चांगले दाखवण्यासाठी १०डब्ल्यू-३० सारखे पातळ ऑइल सुचवतात, आपल्याकडच्या उन्हात ते पाण्यासारखे होते, म्हणून २०डब्ल्यू-५० घालावे, खर्चाची तयारी असेल तर मोटारीचे फुल सिंथेटिक घालावे, आणि ऑइल काळे दिसले किंवा हजार किलोमीटर झाले की ते लगेच बदलावे. या संदेशात थोडे तथ्य आहे, आणि त्या थोडक्या तथ्याच्या आधाराने बाकीचे सगळे खपून जाते.

पातळ ऑइलमुळे थोडे इंधन वाचते, हे खरे आहे. परंतु ग्रेड, म्हणजे डब्यावर लिहिलेला ऑइलच्या दाटपणाचा क्रमांक, ‘केवळ’ त्यासाठी ठरत नाही. ऑइल पंप, हेडपर्यंत (इंजिनाच्या वरच्या भागापर्यंत) ऑइल नेणाऱ्या बारीक वाटा आणि बेअरिंगमधील फट या सगळ्यांचा मेळ त्याच्याशी घातलेला असतो. ग्रेडमधला दुसरा आकडा १०० अंश सेल्सिअसला मोजलेल्या दाटपणावरून ठरतो. त्या तापमानाला ‘३०’ चे ऑइल ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्स (दाटपणा मोजण्याचे एकक), तर ‘५०’ चे १६.३ ते २१.९ सेंटिस्टोक्स भरते. नळाचे साधे पाणी याच मापात जेमतेम एक असते. म्हणजे पूर्ण तापलेले १०डब्ल्यू-३० सुद्धा पाण्याच्या नऊपटींहून दाट राहते. चालत्या इंजिनातील ऑइल बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी अधिक तापलेले असते, त्यामुळे बाहेर ३२ अंश आहेत की ३९, याने पडणारा फरक संदेशात रंगवला आहे तेवढा मोठा नसतो.

उलट बाजूचीही अतिशयोक्ती करू नये. ग्रेडमधला पहिला आकडा थंडीतला दाटपणा सांगतो; त्याची चाचणी १०डब्ल्यूसाठी उणे २५ आणि २०डब्ल्यूसाठी उणे १५ अंशांना होते. कोल्हापुरातल्या डिसेंबरच्या पहाटेला त्या अंशांशी काही देणेघेणे नाही. तरीही ४० अंशांना मोजले तर २०डब्ल्यू-५० हे १०डब्ल्यू-३० च्या दुपटीहून दाट भरते, आणि सकाळी गाडी सुरू केल्यावर हेडमधील कॅमपर्यंत (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागापर्यंत) पोहोचायला त्याला तेवढा अधिक वेळ लागतो. गाडीच्या मॅन्युअलमध्ये हवामानानुसार दोन-तीन ग्रेड दिलेले असतील, तर त्यांतला जाड ग्रेड निवडायला कसलीच हरकत नाही. ज्या इंजिनाला मुळातच २०डब्ल्यू-५० किंवा १५डब्ल्यू-५० सांगितले आहे, त्यात तेच घालावे, हे सांगायलाच नको.

मोटारीच्या ऑइलचा सल्ला मात्र सर्वांत घातक आहे. बहुतेक मोटारसायकलींमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच प्लेटा एकाच ऑइलमध्ये चालतात. मोटारीचा क्लच इंजिन ऑइलच्या बाहेर असल्याने तिच्या अनेक ऑइलमध्ये, विशेषतः इंधन वाचवणाऱ्या पातळ ऑइलमध्ये, घर्षण कमी करणारी द्रव्ये मिसळता येतात. तीच द्रव्ये दुचाकीच्या क्लच प्लेटांना घसरवतात. पन्हाळ्याच्या चढावर मागे माणूस बसलेला असताना इंजिनाचा आवाज वाढतो आणि गाडी मात्र तेवढी पळत नाही. मोटारीचे प्रत्येक ऑइल असेच वागेल असे नाही, पण तशी खात्री त्या डब्यावर कोणी देत नाही. मोटारसायकलसाठी घेताना डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ ही खूण पाहावी; जासो हे वाहनांसाठीचे जपानी मानक आहे. ‘एमबी’ हे कमी घर्षणाचे ऑइल असून ते ऑटोमॅटिक स्कूटरसाठी असते, कारण तिचा क्लच कोरडा असतो. ऑइल सिंथेटिक आहे की मिनरल, हा प्रश्न या खुणेनंतरचा आहे.

काळ्या रंगाविषयी संदेशाचे म्हणणे जवळजवळ उलटे आहे. ऑइलमधील डिटर्जंट द्रव्ये जळणातून तयार होणारी काजळी धरून ठेवतात, ती धातूवर बसू देत नाहीत. त्यामुळे काम करणारे ऑइल काळे होणारच. बोटांवर चोळून त्याचे उरलेले आयुष्य सांगता येत नाही. काळजी करावी ती ऑइल दुधाळ दिसल्यास, कारण त्याचा अर्थ आत पाणी शिरले आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत शहरातील असंख्य दुचाकी पाण्याखाली गेल्या होत्या. अशा गाडीला किक किंवा सेल्फ मारून पाहण्याचा मोह टाळावा. आधी स्पार्क प्लग आणि एअर फिल्टर काढून पाणी शिरले आहे का ते तपासावे, जुने ऑइल पूर्ण काढावे, आणि नवे ऑइल थोडा वेळ चालवून तेही पुन्हा बदलावे.

हजार किलोमीटरचा नियम नव्या गाडीच्या पहिल्या सर्व्हिसिंगवरून आलेला दिसतो. तेव्हा ऑइल लवकर बदलतात, कारण नवे भाग एकमेकांत बसताना धातूचे कण सुटतात. त्यानंतर आजच्या अनेक गाड्यांना पाच-सहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल ते, अशी मुदत असते. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये पाहावा. दुधाचे कॅन लादून रोज चढउतार करणाऱ्याने ही मुदत जरूर कमी करावी. पातळी मात्र प्रत्येकाने मधूनमधून तपासावी, कारण मुदत संपण्याआधीच ऑइल खालच्या खुणेच्या खाली गेलेले अनेक गाड्यांत आढळते.

संदेशाच्या शेवटी ‘थोडे जास्तच भरा’ असेही म्हटलेले असते. वरच्या खुणेपेक्षा जास्त भरलेले ऑइल फेसाळते आणि ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) एअर फिल्टरपर्यंत जाते, त्यामुळे मापूनच भरावे. बदलताना इंजिन कोमट असावे आणि ड्रेन बोल्टचा वॉशर नवा घालावा. काढलेले ऑइल घरी ठेवले असल्यास ते झाकणाच्या डब्यात भरून, जुने ऑइल पुनर्प्रक्रियेसाठी देणाऱ्या गॅरेजमध्ये पोहोचवावे. ते गटारात ओतले तर जयंती नाल्यातून पंचगंगेत जाते, आणि चेनला फासले तर त्यातील काजळी व धातूचे कण चेनच घासून काढतात.